तारीख कापलेलं कात्रण : सोलापूरच्या पूर्व भागातलं एक प्रकरण

जुलै महिना संपत आला होता. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका विडी कामगार वस्तीत मोबाइलवर एका मराठी दैनिकाचं कात्रण येऊन पडलं. ‘विडी कामगारांच्या पाल्यांना शिष्यवृत्ती, अर्जासाठी मुदतवाढ’ असा दोन कॉलमी मथळा आणि खाली आठ-दहा ओळींची बातमी. अर्ज येत्या ३१ तारखेपर्यंत भरता येतील. विडी कामगाराचं ओळखपत्र, उत्पन्नाचा दाखला, बँकेचं पासबुक आणि शाळेचा बोनाफाईड लागेल, असं त्यात लिहिलेलं.

कात्रण बनावट नव्हतं, आणि योजनाही खरी आहे. केंद्रीय श्रम मंत्रालयाकडून विडी कामगारांच्या मुलांना शिक्षणासाठी मदत मिळते आणि तिचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरावे लागतात. त्यामुळे शंका घ्यावी असं वरवर काहीच नव्हतं. दोन-तीन दिवसांत वस्तीतल्या बऱ्याच बायका दाखल्यांच्या मागे लागल्या.

विडी वळणाऱ्या बाईचा दिवस बुडतो म्हणजे काय होतं, ते आधी सांगायला हवं. सकाळी कारखान्याच्या शाखेवर जाऊन आदल्या दिवशीच्या विड्या जमा करायच्या. नापास विड्या वजा होऊन हिशेब लागतो आणि मग पुढची पानं, तंबाखू आणि दोरा हातात पडतो. घरी येऊन पानं भिजवायची, कात्रीनं मापात कापायची, वळायची, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा, बंडलं बांधायची. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानं. रांगेत गेलेल्या वेळेला मजुरी नाही, आणि आज विड्या कमी पडल्या की उद्या शाखेवर ऐकून घ्यावं लागतं. अशा बायका सकाळपासून दाखल्यांच्या रांगेत उभ्या राहिल्या. काहींना शाळेतही खेटे घालावे लागले. शेवटी अर्ज भरायला केंद्रावर पोचल्या, तेव्हा संगणकावर बसलेला मुलगा म्हणाला, ‘यंदाचे फॉर्म अजून चालूच झाले नाहीत, अक्का.’

त्यावर एकीनं जे उत्तर दिलं, त्यातच या प्रकरणाचं मूळ आहे. ‘असं कसं वो? पेपरात आलंय की!’

कात्रणाच्या कडेला

मी त्या वस्तीजवळच्या एका छोट्या वाचनालयाच्या कामात असतो. त्याआधी बरीच वर्षं एका दैनिकात उपसंपादक होतो. रात्री पानं लावायचं काम. आठवीतली एक मुलगी आईला घेऊन वाचनालयात आली. आई घरी तेलुगू बोलते, मराठी समजतं पण वाचता येत नाही. कात्रण मुलीनंच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. तिचा प्रश्न सरळ होता : पेपर खोटा की केंद्रावरचा मुलगा खोटा?

आम्ही फोनवरचं चित्र मोठं करून पाहिलं. बातमीच्या सुरुवातीला ‘सोलापूर, ता. ९ :’ एवढंच होतं. मराठी दैनिकांची ही जुनी रीत आहे. बातमीच्या आरंभी गावाचं नाव आणि फक्त तारखेचा आकडा. काही दैनिकं तर आकडाही देत नाहीत, नुसतं गाव. महिना आणि साल पानाच्या माथ्यावर असतात, मग प्रत्येक बातमीत ते परत कशाला छापायचे? खिळे जुळवण्याच्या काळात एकेक ओळ वाचवायची असे, तेव्हा हे योग्यच होतं. पुढे संगणक आला, पण रीत तीच राहिली.

नुसती तारीखच नव्हे, बातमीची सगळी भाषाच पानाच्या माथ्यावर टेकलेली असते. ‘काल’, ‘आज’, ‘येत्या सोमवारी’, ‘यंदा’, ‘चालू शैक्षणिक वर्षात’, ‘३१ तारखेपर्यंत’. यातल्या प्रत्येक शब्दाला अर्थ येतो तो अंकाच्या तारखेमुळे. माथा कापला की हे शब्द वाचणाऱ्याच्या आजच्या दिवसाला जाऊन चिकटतात. जुलैच्या शेवटी वाचलं तर ३१ म्हणजे ३१ जुलै, दुसरं काय मनात येणार?

उजव्या कडेला मात्र शेजारच्या जाहिरातीची एक बारीक पट्टी राहून गेली होती. त्यात एका मोठ्या पाळण्याची कमान दिसत होती आणि अक्षरं होती ‘…म मैदान’. सोलापूरच्या माणसाला यापुढे काही सांगावं लागत नाही. होम मैदान, म्हणजे सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, म्हणजे संक्रांत, म्हणजे जानेवारी. बातमीतली ३१ तारीख जानेवारीची होती.

कोणत्या सालची, ते फायलींत शोधलं. आमच्याकडे इतर महिन्यांचे अंक काही काळानं रद्दीत जातात, पण जानेवारीचे ठेवलेले असतात. यात्रेतल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे फोटो बघायला लोक वर्षभर येतात, कुणाला आपला पोरगा त्यात दिसलेला असतो. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीच्या गठ्ठ्यात, आतल्या पानावर ती बातमी सापडली. शेजारी गड्ड्याची जाहिरात, पूर्ण पाळण्यासह. त्या वर्षी ती बातमी अगदी बरोबर होती आणि वेळेवर छापली गेली होती. बातमीदारानं, उपसंपादकानं, दैनिकानं आपलं काम चोख केलं होतं. तरी दोन वर्षांनी त्याच बातमीमुळे बायकांची मजुरी बुडाली.

विश्वास आला कुठून

ज्या बाईनं आयुष्यात पेपर विकत घेतलेला नाही, वाचलेला नाही, ती सरकारी पोर्टलपेक्षा पेपरच्या कागदावर जास्त भरवसा ठेवते. हे अज्ञान म्हणून झटकून टाकणाऱ्यांशी माझं भांडण आहे. हा भरवसा दोन शतकांत मिळवलेला आहे, आणि त्यात या शहराचा वाटा मोठा आहे.

‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघालं. बाळशास्त्री जांभेकरांचं ते पत्र एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी असं छापलं जाई. १८४० मध्ये ते बंद पडलं. वाचणारे मूठभरच होते. कष्टकऱ्यांपर्यंत छापील शब्द जायला आणखी काळ लागला. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये ‘दीनबंधु’ सुरू केलं आणि १८८० पासून नारायण मेघाजी लोखंडे ते मुंबईतून चालवू लागले, तेव्हा गिरणीतल्या माणसाची गाऱ्हाणी छापली जाऊ लागली. त्याच लोखंड्यांच्या लढ्यातून १० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. कामगाराच्या दृष्टीनं छापून येणं आणि पदरात पडणं यांचा संबंध तेव्हापासूनचा.

आता कायद्याकडे वळतो, कारण या प्रकरणाशी त्याचा अगदी जवळचा संबंध आहे. १८६७ च्या छापखाने व पुस्तक नोंदणी कायद्यानं छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचं नाव आणि छपाईचं ठिकाण घालणं सक्तीचं केलं. याच कायद्यात वृत्तपत्रांसाठी असलेल्या कलमानुसार प्रत्येक प्रतीवर मालकाचं व संपादकाचं नाव आणि प्रकाशनाची तारीख छापावी लागे. हा कायदा इंग्रजांनी केला तो छापणाऱ्यांवर नजर ठेवण्यासाठी. पण त्यातून वाचकाच्या हातात एक गोष्ट आली : कोणी, कुठे आणि कधी छापलं हे सांगणारा कागद. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात असलेली ती ओळ फारसं कोणी वाचत नाही. आम्ही तिला प्रिंट लाइन म्हणायचो आणि रात्री पान सोडताना ती आहे ना, हे हमखास बघायचो. १८६७ चा कायदा जाऊन त्याच्या जागी १ मार्च २०२४ पासून नियतकालिकांच्या नोंदणीचा नवा कायदा लागू झाला. तोवर दीड शतक वृत्तपत्र म्हणजे नाव, गाव, तारीख असलेला कागद, हेच लोकांच्या अंगवळणी पडलं होतं.

त्या ओळीत नाव घालणं किती महाग पडू शकतं, हे सोलापूरनं १९३० मध्ये पाहिलं. ६ एप्रिलला इथल्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज चढला. एप्रिलच्या शेवटी व्हाइसरॉयनं वृत्तपत्रांना जखडणारा वटहुकूम काढला. मेच्या पहिल्या आठवड्यात गांधीजींना अटक झाली, ८ मे रोजी शहरात भडका उडाला आणि १२ मेपासून ३० जूनपर्यंत इथे मार्शल लॉ, म्हणजे लष्कराचा अंमल होता. ‘कर्मयोगी’ पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांना त्या काळात शिक्षा झाली. अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे ‘गझनफर’ नावाचं पत्र चालवत आणि गिरणी कामगारांत काम करत. पोलिसांच्या हत्येचा आरोप ठेवून त्यांना मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्याबरोबर १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आलं. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. त्या चौघांतला एक जण पत्रकार होता, हे शाळेतल्या मुलांना आवर्जून सांगायला हवं, असं मला फार वाटतं. आपल्या नावानं छापायचं आणि त्याची किंमत मोजायची, हे ज्या गावानं बघितलं त्या गावात ‘पेपरात आलंय’ या शब्दांना वजन येणारच.

या विश्वासाला दुसरीही बाजू आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघालं, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’नं छापली नव्हती. काय छापायचं याइतकीच काय छापायचं नाही यातही वृत्तपत्राची सत्ता असते. विडी कामगार बायकांच्या जगण्याबद्दल पानं भरून येत नाही. येतो तो मोर्चा, आंदोलन, कधी घरकुलांची बातमी. २००६ मध्ये सोलापूरजवळच्या कुंभारीत दहा हजार घरं दिली गेली आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरच्या पंधरा हजार घरांच्या चाव्या, तेव्हा पहिली पानं रंगली. एरवी यांच्या कामाची माहिती आतल्या पानावर आठ-दहा ओळींत येते. इतक्या क्वचित येते म्हणूनच कुणीतरी ती कापून ठेवतं, फोटो काढून ठेवतं. हे कात्रणही असंच कुणीतरी जपून ठेवलेलं असणार.

मधल्या काळात सोलापुरात वाचनाची पद्धतच बदलली. गिरण्यांचे भोंगे वाजत होते तेव्हा एका हॉटेलात एक पेपर येई आणि तो दहा जण वाचत, त्यातले निम्मे ऐकत. वाचणारा माथ्यावरच्या तारखेपासून सुरुवात करी. रंगाअण्णा वैद्यांचा ‘संचार’ हा इथला पेपर हातात घेऊन चहाच्या टेबलावर वाद घालणारी पिढी मी पाहिली आहे. पुढे मोठ्या दैनिकांच्या सोलापूर आवृत्त्या आल्या, तालुक्यांची पानं वाढली. लक्ष्मी-विष्णूसारख्या गिरण्या बंद झाल्या आणि गिरणीच्या दारातलं ते सामूहिक वाचनही सरलं. २०२० च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे राज्य सरकारनं घरोघर पेपर टाकण्यावर काही दिवस बंदी घातली. ती बंदी लवकरच शिथिल झाली, पण बंद केलेला पेपर अनेक घरांत परत आलाच नाही. त्याच दिवसांत पीडीएफ आणि कात्रणं मोबाइलवर फिरायची सवय मात्र पक्की झाली.

वृत्तपत्रांचा प्रभाव संपला, असं भाषणांतून ऐकू येतं. मला ते पटत नाही. या वस्तीत बहुतेक घरी पेपर येत नाही, तरी एका कात्रणानं अर्धी वस्ती हलवली. प्रभाव आहे तेवढाच आहे, पण तो आता अंकापासून सुटून हिंडतो. ज्या नाव-गाव-तारखेमुळे भरवसा तयार झाला, तेवढंच नेमकं कात्रीत जातं आणि भरवसा कागदाच्या तुकड्याला चिकटून राहतो.

दुरुस्ती, आणि तिनं केलेला घोळ

तारीख सापडल्यावर आम्ही वाचनालयाच्या दारातल्या वार्ताफलकावर खडूनं लिहिलं : ही बातमी दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली आहे, यंदाचे अर्ज अजून सुरू नाहीत. त्या आठवीतल्या मुलीच्या आईनं तेच तेलुगूत बोलून गटात पाठवलं. ऐकणाऱ्या बायकांवर याचा परिणाम जास्त झाला, कारण आवाज ओळखीचा होता. फलकाचा फोटोही फिरला, पण फारसा पुढे गेला नाही. एका अक्कांनी कारण स्पष्टच सांगितलं, ‘फळ्यावर काय, कोणबी लिवतंय.’

मग एका स्थानिक बातमीदारानं मनावर घेतलं आणि दैनिकात चौकट छापून आणली : ‘विडी कामगार शिष्यवृत्तीचे जुने कात्रण व्हायरल, अर्ज अद्याप सुरू नाहीत.’ त्या चौकटीचं कात्रण मात्र सगळीकडे पोचलं. वस्तीतली धावपळ थांबली. दाखल्यासाठी गेलेल्या बायकांचा वेळ पूर्ण वायाही गेला नाही. काढलेला उत्पन्नाचा दाखला पुढे अर्ज भरताना कामाला आला.

प्रकरण इथं मिटलं असतं. पण काही आठवड्यांनी पोर्टलवर यंदाचे अर्ज खरोखरच सुरू झाले. वस्तीतल्या शाळेत शिक्षकांनी मुलांना सांगितलं. मुलं घरी जाऊन बोलली. आणि काही घरांतून उत्तर आलं : नाही, पेपरात आलंय, अर्ज सुरू नाहीत. ती चौकट अजून फिरत होती. तिच्यावरही तारीख नव्हती. ‘अद्याप’ हा शब्दही माथ्यावरच्या तारखेवरच टेकलेला, हे आम्हालाही तेव्हा नव्यानं जाणवलं.

पहिल्या कात्रणानं एका दिवसाची मजुरी घालवली होती. दुसऱ्यामुळे मुलांची वर्षाची मदत हुकण्याची वेळ आली होती. शाळेतल्या बाईंनी पालकांना एकेक करून बोलावून घेतलं म्हणून बहुतेकांचे अर्ज वेळेत गेले. ज्यांची मुलं लांबच्या शाळेत होती, त्यांच्यापर्यंत ही खबर उशिरा पोचली. नुकसान झालं ते यांचंच.

यावर काय करता येईल

वाचकांनी तारीख बघावी, पडताळणी करावी, असा उपदेश सगळीकडे चालतो. जिला मराठी वाचता येत नाही आणि जिच्यापर्यंत आलेल्या चित्रावर तारीखच नाही, तिनं काय पडताळायचं? या प्रकरणात बायकांनी केलं ते शहाणपणाचंच होतं. विश्वासार्ह जागेवरून आलेली माहिती मानली आणि लगेच कामाला लागल्या. दुरुस्ती छापणाऱ्याच्या बाजूनं व्हायला हवी.

दैनिकांच्या ई-पेपरमधून बातमी कापून पाठवायची सोय असते, तिच्यात बहुधा दैनिकाचं नाव आणि तारीख आपोआप येते. पण लोक तसं करत नाहीत. ते कागदाचा फोटो काढतात किंवा पडद्यावरचं चित्र कापतात. तेव्हा तारीख बातमीच्या पोटातच हवी. निदान ज्या बातमीत मुदत, अर्ज, भरती, पाणीपुरवठा, सुट्टी, परीक्षा, रेशन असं काही आहे, तिथं ‘ता. ९’ ऐवजी पूर्ण तारीख, महिना आणि साल. ‘येत्या ३१ तारखेपर्यंत’ ऐवजी ‘३१ जानेवारी’ आणि पुढे साल. एका बातमीमागे दोन-तीन शब्द वाढतील. रात्री बारा वाजता पानात ओळ बसवण्याची ओढाताण मी वर्षानुवर्षं केलेली आहे, त्यामुळे दोन शब्दांची किंमत मला माहीत आहे. तरी हे दोन शब्द बसवावेत, असंच मी म्हणेन.

शहरातल्या दोन-तीन दैनिकांच्या संपादकीय विभागांत मी हे बोललो. एका ठिकाणी सांगितलं की सगळ्या आवृत्त्यांची शैली मुख्य कार्यालयातून ठरते, एकट्या सोलापूरला बदलता येणार नाही. दुसऱ्या ठिकाणी शहर पानाच्या उपसंपादकानं ऐकून घेतलं आणि मुदतीच्या बातम्यांत साल घालायला सुरुवात केली. तालुक्याच्या पानांवर अजून ते आलेलं नाही. वाचनालयात आम्ही एवढंच करतो की कुणी फोटो काढायला अंक मागितला, तर आधी त्या बातमीच्या शेजारी समासात पेनानं पूर्ण तारीख लिहितो आणि मगच अंक त्याच्या हातात देतो.